उघडण्याचा मुहूर्त

कोविडची साथ ओसरून आता काही वर्षे लोटली. तिच्यातील मृत्यू, टाळेबंदी, इस्पितळांतील हाल यांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. परंतु त्याच काळात अमेरिकेत जो एक वाद वर्षभर चालला, त्याची आपल्याकडे म्हणावी तशी चर्चा झाली नाही. वाद दिसण्यात क्षुल्लक होता. करमणुकीची मोठमोठी उद्याने, ज्यांना तिकडे थीम पार्क म्हणतात, ती पुन्हा केव्हा उघडावीत, एवढाच तो प्रश्न. माणसे मरत असताना पाळण्यांची आणि झोक्यांची चिंता कसली करता, असे कोणीही म्हणेल. तथापि त्या वादात जे प्रश्न उभे राहिले ते आपल्या मेळ्यालाही लागू आहेत, जत्रांना आहेत आणि संगीत-समारोहांनाही आहेत. पुढची साथ केव्हा येईल ते सांगता येत नाही. ती येण्यापूर्वीच ही हकीकत वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कॅलिफोर्नियातील अनाहाइम गावचे डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी उघडले. त्यानंतरच्या चौसष्ट वर्षांत ते अवेळी बंद राहिल्याचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके आहेत. १९६३ साली अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली तेव्हा, १९९४ च्या भूकंपात, आणि ११ सप्टेंबर २००१ रोजी. १४ मार्च २०२० पासून मात्र ते जे मिटले ते ३० एप्रिल २०२१ पर्यंत उघडले नाही. हे ४१२ दिवस होतात. गंमत अशी की त्याच कंपनीचे फ्लॉरिडातील विस्तीर्ण उद्यान ११ जुलै २०२० रोजी सुरू झाले होते. मालक एक, देश एक, रोगही एकच, आणि उघडण्याच्या तारखांत नऊ महिन्यांहून अधिक अंतर! शांघायचे उद्यान तर त्याही आधी, ११ मे २०२० रोजी, उघडले. तेथे रोजची नेहमीची क्षमता ८०,००० माणसांची. सरकारने तिचा तीस टक्के भाग, म्हणजे २४,०००, ही कमाल मर्यादा घालून दिली आणि कंपनीने तिच्याहूनही कमी माणसे आत घेतली.

या तारखा केवळ वैद्यकशास्त्राने ठरवल्या असे ज्याला वाटत असेल त्याने फ्लॉरिडाकडे पाहावे. उद्यान उघडले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या राज्याने १५,३०० च्या आसपास नव्या रुग्णांची नोंद जाहीर केली. तोवर अमेरिकेच्या कोणत्याही राज्याने एका दिवसात इतके रुग्ण नोंदवले नव्हते. अर्थात हे रुग्ण उद्यानामुळे वाढले नव्हते. लागण एका रात्रीत आकड्यांत उतरत नसते. शिवाय पुढे ऑक्टोबरपर्यंत त्या उद्यानाशी थेट जोडता येईल असा मोठा उद्रेक आरोग्य खात्याच्या नोंदीत आला नाही, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. उघडण्याच्या बाजूचे लोक हाच दाखला वारंवार देत. त्यात तथ्य होते. पण उणीवही होती. ज्या ठिकाणी देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे येतात आणि चार दिवसांनी आपापल्या गावी पांगतात, तेथे लागलेला रोग तेथल्या खात्यावर मांडला जात नाही. तो त्या माणसाच्या गावच्या खात्यावर मांडला जातो. यात्रेच्या गावांना ही गोष्ट फार जुन्या काळापासून माहीत आहे.

आता कॅलिफोर्नियाकडे वळू. तेथील गव्हर्नर न्यूसम यांनी सावधपणा धरला, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. दोष आहे तो निराळा. डिस्नेलँडने आपल्या पासष्टाव्या वाढदिवशी, १७ जुलै २०२० रोजी, दरवाजे उघडण्याचे जाहीर केले होते. सरकारचे नियमच तयार नाहीत म्हणून तो बेत रद्द झाला. ते नियम निघाले २० ऑक्टोबरला. बंदीला तेव्हा सात महिने होऊन गेले होते! सप्टेंबरच्या अखेरीस कंपनीने २८,००० माणसांना कामावरून कमी करण्याचे जाहीर केले, त्यांत दोनतृतीयांश अर्धवेळ कामगार होते. पाठोपाठ कंपनीचे कार्यकारी अध्यक्ष बॉब आयगर यांनी गव्हर्नरांच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. ऑक्टोबरच्या नियमाप्रमाणे मोठी उद्याने त्या-त्या जिल्ह्यात रोग अगदी किमान पायरीवर, म्हणजे लाखामागे दिवसाला एकाहून कमी नवा रुग्ण, इतका उतरल्याशिवाय उघडता येणार नव्हती. डिस्नेलँडच्या जिल्ह्याने ती पायरी गाठली मे २०२१ मध्ये. पण तोवर वाट पाहिलीच गेली नाही. मार्चमध्ये नियम पालटला आणि रोगाच्या तीन पायऱ्यांना अनुक्रमे १५, २५ आणि ३५ टक्के गर्दी मान्य झाली. लस आली होती, रुग्ण घटले होते, तेव्हा नियम सैल होणे गैर नव्हे. मात्र माप आधी ठरवायचे आणि मग माल मोजायचा, ही बाजारातली साधी रीत येथे पाळली गेली नाही. माप उशिरा आले, आणि आल्यावर बदललेही. त्यामुळे दोन्ही पक्षांना असेच वाटत राहिले की वजन कोणी तरी मागून दाबत आहे.

या सगळ्यात आमचे विशेष लक्ष वेधले ते आवाजाच्या प्रश्नाने. आमचा व्यवसायच गळ्याचा, तेव्हा या बाबतीत चार ओळी अधिक लिहिल्या तर वाचक क्षमा करतील. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात माउंट व्हर्नन गावी एका समूहगान मंडळाची अडीच तास तालीम झाली. हजर माणसे ६१. हस्तांदोलन कोणी केले नाही, हात निर्जंतुक करण्याची सोय दाराशीच होती. त्यांतील ५३ जण निश्चित किंवा संभाव्य रुग्ण ठरले आणि दोघे दगावले. रोग हातांनी पसरतो असे जो तो सांगत होता, त्या दिवसांतली ही गोष्ट आहे. गाताना गवई पोटापासून श्वास उचलतो, गळा मोकळा सोडतो आणि तो श्वास दूरवर फेकतो. शिष्याला खुला आकार लावायला आम्ही महिनोन्‌महिने शिकवतो, तो नेमका याचसाठी. आवाज जितका चढा तितके तोंडावाटे उडणारे सूक्ष्म कण अधिक, हे प्रयोगांनीही दिसून आले होते. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०२० रोजी प्रार्थनास्थळांतील गाण्यावरच बंदी घातली. भाविकांना ती जाचक वाटली. आमच्या मनालाही लागली. पण तिच्यामागचे कारण नाकारण्याजोगे नव्हते.

मग रोलर कोस्टरवरील किंकाळी हे तरी दुसरे काय आहे? जपानी लोकांनी हा मुद्दा सर्वांच्या आधी हेरला. तेथील उद्यानचालकांच्या संघटनांनी मे २०२० मध्ये जी नियमावली काढली तिच्यात झोक्यांवर बसणाऱ्यांनी ओरडू नये, अशी विनंती होती. जग हसले. फुजी पर्वताच्या पायथ्याच्या फुजी-क्यू उद्यानाने मग आपल्या दोन अधिकाऱ्यांचे चित्रण प्रसिद्ध केले. सूटबूट घातलेले, तोंडाला मुखपट्टी लावलेले हे दोघे गृहस्थ प्रचंड उतारावरून कोसळत आहेत आणि चेहऱ्यावरची रेषाही हलू देत नाहीत! शेवटी संदेश असा की किंकाळी मनातल्या मनात फोडावी. यात विनोद आहे खरा. परंतु त्या वर्षभराच्या वादात इतका समंजस उपाय दुसऱ्या कोणी सुचवल्याचे आम्हांस आढळले नाही. कारण या मंडळींनी ‘उद्यान’ हा एक अखंड पदार्थ मानला नाही. त्यातील धोका कोठे आहे, ते त्यांनी शोधले: बंद सभागृहात, खानावळीत, नागमोडी रांगेत आणि उघड्या तोंडात. उरलेले उद्यान म्हणजे उन्हातला रस्ता आणि झाडे. पुढे मार्च २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या उद्यानचालकांनीही गाणे-ओरडणे आवरते घेण्याची, मुखपट्टीची आणि बैठकीत अंतर सोडण्याची योजना मांडली. तेच सुचायला त्यांना दहा महिने अधिक लागले. मधल्या काळात तुकड्यातुकड्यांनी उघडण्याचे प्रयोग झालेच होते. डिस्नेलँडला लागून असलेली दुकाने जुलै २०२० मध्ये सुरू झाली, आणि जवळच्याच नॉट्स बेरी फार्म या उद्यानाने पाळणे बंद ठेवून नुसता खाद्यपदार्थांचा उत्सव भरवला.

गायक-नटांचा प्रश्न याहून बिकट होता. प्रेक्षकाला मुखपट्टी बांधता येते. रंगमंचावरच्या गायकाला कशी बांधणार? फ्लॉरिडाच्या उद्यानातील नटांच्या संघटनेने नियमित तपासणी मागितली. त्यावर वाद होऊन काम अडले आणि तपासणीची सोय झाल्यावर ऑगस्टमध्ये तडजोड निघाली. अनाहाइमच्या कामगार संघटनांचे धोरणही पाहण्यासारखे आहे. जूनमध्ये त्यांनी गव्हर्नरांना कळवले की इतक्यात उघडणे सुरक्षित आहे असे आम्हांला वाटत नाही. ऑक्टोबरात त्यांच्यापैकीच काही संघटना उघडण्याची मागणी करू लागल्या. हिला कोणी धरसोड म्हणू नये. जूनमध्ये त्यांना रोगाची भीती होती, ऑक्टोबरात रोगाची आणि उपासमारीचीही. संस्थाने विलीन झाली तेव्हा गवयाच्या घरी पहिल्या तारखेला काय वाटे, ते आमचे वडील सांगत. कलावंताला घरी बसा म्हणणे सोपे असते. घरी बसून त्याने खावे काय, हे सांगण्याची जबाबदारी तेच म्हणणाऱ्याची असते. बंदीचा हुकूम आणि निर्वाहाची तरतूद एकाच कागदावर यावयास हवी होती. कॅलिफोर्नियात तसे झाले नाही, आणि आपल्याकडेही नाही. २०२० साली तबल्याची साथ करून पोट भरणाऱ्यांपैकी किती जणांनी भाजीची गाडी लावली, हे आपल्या गल्लीबोळांना माहीत आहे. फोनवरून शिकवण्या झाल्या, पण त्यांत आवाज क्षणभर मागे पडतो. गुरूची सम येते तेव्हा शिष्य अजून तेराव्या मात्रेवर असतो!

आणखी एक उदाहरण हाँगकाँगचे. तेथील डिस्नेलँड २६ जानेवारी २०२० रोजी बंद झाले आणि १८ जूनला उघडले. १५ जुलैला पुन्हा बंद, २५ सप्टेंबरला पुन्हा सुरू. २ डिसेंबरला तिसऱ्यांदा बंद होऊन १९ फेब्रुवारी २०२१ रोजी ते सुरू झाले. या फेऱ्यांची त्या वेळी थट्टा झाली. आम्हांस मात्र त्यात थट्टेसारखे काही दिसत नाही. उघडणाऱ्याच्या अंगी पुन्हा मिटण्याचे धैर्य असेल तरच त्याच्या उघडण्यावर विश्वास ठेवावा. अमेरिकेतील सगळी चर्चा ‘उघडायचे कधी’ या एका तारखेभोवती फिरत राहिली, जणू लग्नाचा मुहूर्तच काढायचा होता. उघडल्यावर रोग वाढला तर कोणत्या आकड्याला दरवाजा लावायचा, हे फ्लॉरिडाने आधी सांगितले नाही.

टोकियोचे उद्यान ज्या दिवशी उघडले तो १ जुलै २०२० हा आपल्याकडे आषाढी एकादशीचा दिवस होता. त्या वर्षी पालख्यांच्या पादुका मोजक्या माणसांसह एस. टी. च्या गाडीतून पंढरपुरास गेल्या. वारकऱ्यांनी घरूनच हात जोडले. यावरून काहीजण असा बोध काढतात की भक्तांनी संयम केला आणि व्यापाऱ्यांना तो करता आला नाही. ही तुलना आम्हांस मान्य नाही. वारकऱ्याची वारी चुकली तर त्याच्या मनाला लागते. पंढरपुरातील बुक्का, चुरमुरे, बत्तासे, तुळशीच्या माळा विकणाऱ्याची वारी चुकली तर त्याचे वर्ष बुडते. त्याच्याकडे त्या वर्षी कोणी फारसे पाहिले नाही. उद्यानांचा वाद निदान कामगारांच्या तोंडून तरी बोलला गेला.

आपल्या केंद्र सरकारने १५ ऑक्टोबर २०२० पासून करमणूक-उद्यानांना परवानगी दिली. राज्यांचे निर्णय निरनिराळे झाले. परंतु आमचा रोख आपल्या ग्वाल्हेरकडे आहे. माधवराव शिंदे यांनी १९०५ साली सुरू केलेला आपला मेळा म्हणजे एका परीने या शहराचे थीम पार्कच आहे. आकाशपाळणे तेथे आहेत, किंकाळ्या आहेत, आणि पाळणे फिरवणारी, खेळ करणारी, वर्षभर गावोगाव भटकणारी कुटुंबेही आहेत. तानसेनाच्या समाधीपाशी दरसाल गाणे होते. पुढील साथीत या दोहोंचे काय करायचे, ते साथ आल्यावर कलेक्टर कचेरीतील घाईच्या बैठकीत ठरू नये. मेळ्याच्या व्यवस्थापकांनी आणि समारोहाच्या आयोजकांनी आजच, रोग नसताना, तीन गोष्टी कागदावर उतरवाव्यात. रुग्णांच्या कोणत्या आकड्याला काय बंद करायचे आणि कोणत्या आकड्याला काय उघडायचे. पाळणे, दुकाने, खानावळी, नाट्यगृह यांचा निर्णय वेगवेगळा कसा घ्यायचा. आणि बंद असलेल्या दिवसांत पाळणेवाल्यास, साथीदारास, तंबू ठोकणाऱ्यास दिवसाला किती रक्कम कोणत्या निधीतून द्यायची. हा कागद मेळ्याच्या मुख्य दरवाजावर हिंदीत आणि मराठीत लावावा, तिकिटाच्या दरपत्रकाशेजारी.

जानेवारी २०२१ मध्ये डिस्नेलँड अजून बंदच होते. त्याच्या वाहनतळावर मात्र १३ तारखेपासून रोज हजारो माणसांना लस टोचली जाऊ लागली. आपल्या मेळ्याच्या मैदानाला तर एवढी मोठी जागा आहे की अशा कामासाठी कोणता भाग राखून ठेवायचा, हेही त्याच कागदावर लिहिता येईल.