बुटांच्या जोडीची किंमत पोरीने आपल्या ओळखीने का चुकवायची?

धडगावच्या डोंगरात अनवाणी धावणाऱ्या पोरीला कुणी बूट दिले तर त्याला विरोध करण्याचे कारण नाही. प्रश्न बुटांचा नाहीच. बूट देताना तिच्याकडून काय काढून घेतले जाते, हा प्रश्न आहे. तिचे पूर्ण नाव, वय, गाव, पाडा, जमात, ती कोणत्या वसतिगृहात राहते, आईबाप दिवाळीनंतर गुजरातला ऊसतोडीला जातात ही माहिती, घरचा मोबाईल नंबर, आधारची झेरॉक्स आणि शेवटी फोटो. तोही धावतानाचा नाही, तर हात पुढे करून बूट घेतानाचा. मग हे सगळे देणगीदाराच्या अहवालात जाते, चौकातल्या फ्लेक्सवर जाते, फेसबुकवर जाते, पन्नास ग्रुपमध्ये फिरते. बूट सहा महिन्यांत फाटतात. फोटो मात्र ती तीस वर्षांची झाली तरी तिथेच राहतो.

मित्रांनो, याला दान म्हणत नाहीत. हा सौदा आहे. आणि सौद्यातल्या एका बाजूला आपण काय विकतो आहोत हेच सांगितलेले नाही.

नंदुरबार हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार इथली सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी पोरापोरींच्या पायात आणि फुप्फुसात दम आहे. म्हणूनच आश्रमशाळा आणि वसतिगृहांच्या मैदानांवर मदत करायला संस्था येतात. यावे, स्वागत आहे. पण याच जिल्ह्याला "आधी माहिती दे, मग बघू" या व्यवहाराचा अनुभव उभ्या देशाच्या आधी मिळाला आहे, हे विसरू नका. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला तो याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात. पंतप्रधान आले, कॅमेरे आले, आदिवासी बाईचा फोटो देशभर छापला गेला. कॅमेरे निघून गेले. टेंभलीची गरिबी हटली नाही, हे नंतर पत्रकारांनी पुन्हा पुन्हा तिथे जाऊन लिहिले. माहिती घेणारा मोठा होतो आणि माहिती देणारा जिथल्या तिथे राहतो, याचा इतका ठसठशीत पुरावा दुसऱ्या कोणत्या जिल्ह्याकडे आहे?

कुणी म्हणेल, फोटो आणि नाव दिल्याने काय बिघडते? एवढा काय खासगीपणा घेऊन बसलात? मग काय बिघडते ते पाहू.

मार्च २०१७ मध्ये महेंद्रसिंग धोनीच्या आधार नोंदणीचा तपशील एका नोंदणी केंद्राकडून ट्विटरवर गेला. त्याच्या पत्नीने थेट केंद्रीय मंत्र्यांना जाब विचारला आणि आधार प्राधिकरणाने त्या केंद्रचालकावर १० वर्षांची बंदी घातली. योग्यच झाले. आधार कायद्याचे कलम २९ आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करायला मनाई करतेच. पण अक्कलकुव्याच्या एखाद्या कबड्डी संघाची यादी आधार क्रमांकांसकट ग्रुपवर टाकली गेली, तर तिथल्या पोरीची आई कोणत्या मंत्र्याला जाब विचारणार? कायदा धोनीला आणि तिला एकच आहे. त्या कायद्यापर्यंत पोहोचायची वाट मात्र एक नाही. ज्याच्याकडे वाट नाही त्याची माहिती जास्त जपली पाहिजे. प्रत्यक्षात उलटे घडते.

दुसरे उदाहरण शरीराचे. तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यातली शांती सौंदरराजन. वीटभट्टीवर राबणाऱ्या दलित आईबापांची लेक. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरमध्ये तिने रौप्यपदक जिंकले. त्यानंतर लिंगचाचणी झाली, पदक काढून घेतले गेले आणि तिच्या शरीराबद्दलचा वैद्यकीय निष्कर्ष देशभरच्या माध्यमांत चघळला गेला. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात राहायला हवी होती ती गोष्ट चहाच्या टपरीवरचा विषय झाली. पुढे काही काळ तिच्यावर पुन्हा वीटभट्टीवर मजुरी करण्याची वेळ आली. पदक गेले हा एक अन्याय. तिच्या देहाचा जाहीरनामा झाला हा दुसरा. पहिल्याबद्दल लिहिले गेले, दुसऱ्याबद्दल फारच कमी.

आता हेच नंदुरबारला लावून बघा. इथे सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. खेळाडूंची तपासणी व्हायलाच हवी, कारण सिकलसेल असलेल्या मुलाला उन्हात, पाण्याविना, दमछाक होईपर्यंत पळवणे त्याच्या जिवावर बेतू शकते. पण तपासणीची यादी कुणाच्या हातात राहते? प्रशिक्षकाच्या मोबाईलमध्ये? संघाच्या ग्रुपवर? एका मुलीच्या नावापुढे "वाहक" एवढा शब्द गावात पोहोचला की तिच्या लग्नाच्या बोलणीपर्यंत तो तिचा पाठलाग करतो. रोग लपवा असे मी म्हणत नाही. तो तिला सांगा, तिच्या आईबापाला सांगा, डॉक्टरला सांगा. प्रशिक्षकाला कळायला हवे ते एवढेच की हिला किती पळवायचे आणि केव्हा थांबवायचे. देणगीदाराला तर यातले काहीच कळण्याची गरज नाही.

तिसरे उदाहरण घराच्या पत्त्याचे. वंदना कटारियाने टोकियो ऑलिम्पिकमध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅटट्रिक केली. ऑलिम्पिकमध्ये असे करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. ऑगस्ट २०२१ मध्ये उपांत्य सामना भारत हरला आणि हरिद्वारजवळच्या रोशनाबादमध्ये तिच्या घरासमोर फटाके फोडून जातिवाचक शिवीगाळ झाली. मैदानावर जात नसते म्हणणाऱ्यांना हे सांगा. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बाळू पालवणकरांचा चेंडू पुण्याच्या क्लबला हवा होता, पण चहा त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळत होता. २०१६ मध्ये सिंधूने रिओत पदक जिंकले तेव्हा देशातले लोक इंटरनेटवर तिची जात शोधत बसले. जात शोधणारे हात असे तयारच असतात. त्या हातात आपण जात, गाव, पाडा आणि वसतिगृह एका ओळीत लिहून देणार असू तर त्याला मदत कोण म्हणेल? शाळकरी मुलगी रोज संध्याकाळी पाच वाजता कोणत्या मैदानावर एकटी येते, हे जगाला कळवण्यात कोणता क्रीडाविकास आहे?

इथे आपल्याच माणसांकडून एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. आंबेडकरी माणसाने जात लपवावी काय? आपण तर निळा झेंडा घेऊन, छाती पुढे काढून जयभीम म्हणणारे लोक. मग ही लपवाछपवी कशाला?

उत्तर सरळ आहे. स्वतः सांगणे आणि दुसऱ्याने दाखवणे यात स्वाभिमान आणि अपमान यांच्याइतके अंतर आहे. बाबासाहेबांनी स्वतःवर गुदरलेले अस्पृश्यतेचे प्रसंग स्वतः लिहिले. कोणता सांगायचा, कसा सांगायचा, कशासाठी सांगायचा हे त्यांनी ठरवले. तो निर्णय त्यांचा होता. याउलट १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांच्या नोंदी दुसऱ्यांनी केल्या, ठसे घेतले, हजेऱ्या लावल्या, सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत केली. तो कायदा रद्द व्हायला ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. आपल्या समाजांना नोंदवहीत कोण लिहितो आणि कशासाठी लिहितो, हा प्रश्न आपल्यासाठी नवा नाही. उद्या तीच धावपटू व्यासपीठावर उभी राहून "मी पावरा आहे, मी जिंकले" म्हणाली तर टाळ्या वाजवायला आपण पहिल्या रांगेत असू. पण वयाच्या तेराव्या वर्षी तिच्या वतीने ते म्हणण्याचा अधिकार संस्थेला कुणी दिला?

खासगीपणा म्हणजे शहरातल्या बंगलेवाल्यांचे चोचले, असेही काहींना वाटते. त्यांनी मार्च १९४७ मध्ये संविधान सभेपुढे ठेवण्यासाठी बाबासाहेबांनी तयार केलेले 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन काढून वाचावे. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने लिहिलेल्या त्या मसुद्यात माणसाचा देह, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण मागितलेले आहे. ज्यांच्याकडे धड घरही नव्हते त्या माणसांसाठी बाबासाहेब घराच्या आणि कागदांच्या सुरक्षिततेचा हक्क मागत होते. तो हक्क त्या स्वरूपात संविधानात आला नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निकाल दिला आणि त्याचे नाते कलम २१ शी, माणसाच्या प्रतिष्ठेशी जोडले. प्रतिष्ठा हा तर आपल्या चळवळीचा पहिला शब्द!

आता संस्थांचा नेहमीचा युक्तिवाद घेऊ. "फोटो नाही दिला तर पैसे येत नाहीत. देणगीदाराला पारदर्शकता हवी असते."

पारदर्शकता हवीच. पण ती कुणाची? बुटांचे बिल दाखवा. किती जोड घेतले, कोणत्या दराने घेतले, कुणाला कंत्राट दिले, प्रशिक्षकाला मानधन किती, संस्थाचालकांच्या प्रवासावर खर्च किती, हे दाखवा. धर्मादाय आयुक्तांकडे सादर केलेला लेखापरीक्षण अहवाल भिंतीवर लावा. किती मुले खेळली, किती जिल्हा पातळीवर गेली, किती राज्य पातळीवर गेली, हे आकड्यात सांगता येते. त्यासाठी एकाही लेकराच्या तोंडासमोर कॅमेरा धरावा लागत नाही. पारदर्शकता संस्थेची असते, खासगीपणा खेळाडूचा असतो. आज मात्र संस्थेचा हिशेब कपाटात कुलूपबंद आणि पोरीचे आयुष्य चौकात, असा उफराटा कारभार आहे.

सरकारचा कारभार तरी वेगळा कुठे आहे? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक केली, आणि मुलांबाबतची कर्तव्ये मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला. छान. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम अधिसूचित झाले तेव्हा या जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत दिली गेली. त्याच कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये केलेला बदल मात्र लगेच लागू झाला! वैयक्तिक माहिती म्हटले की ती नाकारायची सोय अधिकाऱ्यांना त्याच दिवशी मिळाली. सत्तेतल्या माणसाचा खासगीपणा आज, आदिवासी पोरीचा खासगीपणा दीड वर्षाने. खासगीपणाच्या नावाने आपण भांडायचे ते बलवानांना पडदा मिळावा म्हणून नव्हे, दुबळ्यांना दार मिळावे म्हणून. हे दोन्ही एकाच तोंडाने सांगता आले पाहिजे.

आणि संमती म्हणजे काय? आईबाप गुजरातच्या फडात, घरी म्हातारी आजी, फॉर्म प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत, घरची बोली पावरी, आणि खाली अंगठा. ही संमती नाही. "सही केली नाही तर बूट मिळणार नाहीत" असे ऐकवून घेतलेली सही तर संमती नाहीच नाही.

म्हणून, मित्रांनो, तुमच्या तालुक्यात खेळासाठी मदत करणारी संस्था असेल, किंवा तुमचेच मंडळ १४ एप्रिलला स्पर्धा भरवत असेल, तर या गोष्टी धरून बसा :

१. स्पर्धेला किंवा मदतीला लागते तेवढीच माहिती घ्या. वयाचा दाखला पाहून परत करता येतो, प्रत्येक कागदाची झेरॉक्स ठेवायची गरज नाही.

२. मदतीची संमती वेगळी, फोटोची वेगळी. फोटोला नाही म्हटले तरी बूट मिळालेच पाहिजेत. संमती पालकाच्या बोलीत समजावून घ्या आणि पोरीलाही विचारा.

३. नाव, गाव, जमात, वसतिगृह आणि सरावाची वेळ एकत्र कुठेही छापू नका.

४. फोन नंबर आणि आधार क्रमांक असलेली यादी ग्रुपवर टाकू नका. वैद्यकीय कागद कुलपात ठेवा, मोबाईलमध्ये नको.

५. खेळाडूने "माझे नाव काढा, माझा फोटो काढा" म्हटले की काढा. कारण विचारू नका. या कामाला एक माणूस जबाबदार धरा आणि त्याचे नाव खेळाडूंना सांगा.

६. संस्थेच्या निर्णयात खेळाडूंना आणि त्यांच्या पालकांना बसवा.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. १९३२ मध्ये, पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेच्या सरचिटणीसांना, ठक्करांना, बाबासाहेबांनी पत्र लिहून बजावले होते की मूठभर व्यक्तींच्या उद्धाराच्या कामापेक्षा नागरी हक्कांसाठी लढा. पुढे त्या संघाच्या कारभारात अस्पृश्यांना स्थान राहिले नाही, आणि त्यावर बाबासाहेबांनी कठोर टीका केली. ज्याच्यासाठी संस्था चालते त्याला संस्थेत आवाज नसेल, तर तो सभासद राहत नाही, जाहिरातीचे सामान होतो. आपल्या मुलींना लाभार्थी म्हणू नका, सभासद म्हणा. सभासदाला प्रश्न विचारता येतो, हिशेब मागता येतो आणि नाही म्हणता येते.

पुढच्या वेळी फ्लेक्सवर बूट हातात घेतलेली पोर दिसली की तिचे कौतुक करण्याआधी संस्थेला एकच विचारा : हिला विचारले होते का?

जयभीम! जय संविधान!