मदतीचा खेळ

भाऊबीज उलटली की आमच्या गोंडपिपरीच्या बाजूला मंडईचे आणि नाटकांचे दिवस येतात. अशा वेळी एखाद्या दिवंगत पेटीवाल्याच्या घरच्यांसाठी खेळ लावण्याची गोष्ट निघाली, की मला जर्मन संगीतकार वेबर आठवतो.

बिचारा क्षयाने पोखरलेला. १८२६ साली 'ओबेरॉन' हे नवे संगीतनाटक घेऊन लंडनला गेला, तो बायको आणि दोन लहान मुलांसाठी चार पैसे गाठीला असावेत म्हणून. १२ एप्रिलला कॉव्हेंट गार्डन थिएटरात लोकांनी नाटक डोक्यावर घेतले. २६ मेची त्याची स्वतःची मैफल मात्र ओस पडली. एप्समच्या घोडशर्यतींचे दिवस होते ना! आमच्याकडे दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक, दोन्हीकडे गर्दी. लंडनकरांना हे कुठून सुचणार?

५ जूनला वेबर गेला. वय अवघे ३९. त्याच महिन्यात कॉव्हेंट गार्डनमध्येच त्याच्या कुटुंबासाठी खेळ झाला आणि त्यातून खर्च कसाबसा निघाला! पुढे १८४४ साली वाग्नरने त्याच्या अस्थी ड्रेस्डेनला आणवल्या, तेव्हा मिरवणूक आणि भाषण, सारे यथासांग झाले.

आमच्या झाडीपट्टीतल्या वादकाचे पोट रात्रीच्या खेळावर. रात्र नाही, तर पैसा नाही. तो गेला की घरातली चूल त्याच दिवशी विचारते, आता काय? म्हणून मी मंडळींना सांगतो, तिकिटांचे पहिले पैसे त्या माउलीच्या हाती द्या. मंडपवाला, वीजवाला, पाहुण्यांचा चहा हे त्यानंतर. आणि पुढच्या रांगेतले फुकट पास यंदा छापूच नका.