पिटातल्या प्रेक्षकाचे मत

चित्रपटगृहाच्या पायऱ्या उतरता उतरता माणूस सोबत्याशी जे दोन शब्द बोलतो, त्यांना समीक्षा म्हणण्याचा प्रघात नाही. ‘बरा आहे’, ‘उत्तरार्ध ताणला’, ‘पैसे फिटले’, एवढ्यात त्याचा निवाडा आटोपतो. त्यामागे कलेचा सिद्धान्त नसतो. असतो तो पदरचे पैसे आणि सुट्टीची संध्याकाळ खर्चून मिळविलेला अधिकार. मराठी चित्रपटाचे भवितव्य पुष्कळदा याच अधिकाराने ठरविले आहे. १९७१ सालच्या ‘सोंगाड्या’पुढे अभिजनांनी नाके मुरडली, पिटातल्या प्रेक्षकाने मात्र तो डोक्यावर घेतला. २०१६ साली ‘सैराट’ गावोगाव पोहोचला, त्यातही कानोकानी झालेल्या या मताचा वाटा मोठा होता. हे मत उथळ असते, प्रसंगी चुकतेही. परंतु ते मांडण्याचा हक्क आज कोणाकोणाला उरला आहे, हा प्रश्न २०२५ सालच्या सप्टेंबर महिन्याने पुढे आणला.

त्या महिन्यात लागोपाठच्या तीन शुक्रवारी तीन चित्रपट लागले. १२ तारखेला ‘दशावतार’, १९ ला ‘साबर बोंडं’ आणि २६ ला हिंदीतला ‘होमबाउंड’. पहिल्याविषयीचे सार्वत्रिक मत ‘प्रभावळकरांसाठी पाहावा’ असे होते आणि ते खोटे नव्हे. वयाची एक्क्याऐंशी वर्षे उलटलेल्या दिलीप प्रभावळकरांनी उभा केलेला, दृष्टी अधू होत चाललेला बाबुली मेस्त्री दीर्घकाळ स्मरणात राहील. कोकणातली झाडी, देवळापुढचा रात्रीचा खेळ, तोंडाला फासलेला रंग या साऱ्यांत मन रमते. पण खाणवाल्यांचा समाचार घेण्यासाठी एकामागून एक अवतार उभे राहतात आणि टाळ्या पडतात, तेव्हा एक गोष्ट निसटते. सिंधुदुर्गात कळण्याच्या खाणीविरुद्ध २००९ च्या सुमारास गावकरी उभे राहिले, ते कोणा अवताराच्या भरवशावर नव्हे. पडद्यावर देव धावून आला, की ग्रामसभेचे काम उरत नाही. टाळी वाजविणाऱ्यालाही आपले काम संपल्यासारखे वाटते. तरीही हा चित्रपट लोकांनी आपापल्या माणसांना आवर्जून सांगितला, ही आनंदाचीच गोष्ट आहे.

रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’वर शेरा पडला तो ‘संथ आहे’ असा. संथ आहेच. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडिलांच्या निधनानंतर गावी येतो आणि सुतकाचे दहा दिवस काढतो. ते दिवस गावात याहून वेगाने जात नाहीत. बाप गेल्याचे दुःख ओले असताना नातलगांच्या तोंडी एकच विषय असतो, लग्न कधी? बाळ्या नावाच्या शेतकरी मित्रापाशी आनंदला जी माया मिळते, तिचे नाव घरात उच्चारता येत नाही. आईला मात्र ते न सांगताही ठाऊक आहे. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जानेवारी २०२५ मध्ये या चित्रपटाने मोठे पारितोषिक मिळविले. या बातमीने प्रेक्षक जेवढा आला, त्याहून बिचकला असावा. परदेशात गौरव झाला म्हणजे आपल्याला कळणार नाही, असा त्याचा जुना समज आहे. वास्तविक यातली चूल, ओसरी आणि भाऊबंद यांच्याइतके ओळखीचे त्याला दुसरे काही नाही.

‘होमबाउंड’विषयी एक वेगळेच मत ऐकू येते: ‘घरचेच दुःख पैसे देऊन कशाला पाहायचे?’ एक मुसलमान आणि एक दलित, असे दोन मित्र पोलिसांतल्या नोकरीची वाट पाहतात, पोटासाठी सुरतेला जातात आणि २०२० च्या टाळेबंदीत घराकडे निघतात. हे मत हसण्यावारी नेण्यासारखे नाही. दिवसभर राबलेल्या माणसाला विसावा मागण्याचा हक्क आहे. पण ते दुःख घरचे होते कोणाच्या? ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रेल्वेच्या रुळांवर थकून निजलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी ते पायी निघाले होते. त्यांच्यासारख्यांची कथा आज ज्या थंडगार सभागृहात दाखविली जाते, तिथे त्यांच्या भावंडांना तिकीट परवडत नाही. मुंबईच्या बहुपडदा चित्रपटगृहात आठवड्याच्या अखेरीस माणशी तीनशे रुपये सहज जातात, लाह्यांचा पुडा वेगळाच. ज्यांची गोष्ट, तेच निवाड्याला गैरहजर!

त्याच महिन्याच्या २२ तारखेपासून केंद्राने शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाचवर आणला, त्यावरच्या तिकिटांना अठरा टक्के कायम ठेवले. कागदावर ही सवलत गरिबाची आहे. शहरात शंभराच्या आतली खुर्ची शोधायची कुठे, एवढेच काय ते विचारायचे राहते. ती जिथे मिळे, ती एकपडदा चित्रपटगृहे एकेक करून मिटत गेली आणि त्यांच्याबरोबर पिटही गेला. कर्नाटक सरकारने त्याच सप्टेंबरात तिकिटाला दोनशे रुपयांची मर्यादा घातली. महिना सरण्यापूर्वीच उच्च न्यायालयाने तिला अंतरिम स्थगिती दिली. महाराष्ट्रात २०१५ साली मराठी चित्रपटाला मोक्याच्या वेळेचा खेळ मिळावा यासाठी शासनाने पाऊल उचलले, तेव्हा वाद रंगला तो भाषेचा. त्या खेळाचे तिकीट मराठी मजुराला झेपेल काय, हे कोणी फारसे विचारले नाही.

वेळेचे दुखणेही किमतीहून कमी नाही. ऐकीव मत पसरायला चार दिवस लागतात, आणि चित्रपटाचा हिशेब रविवारी रात्रीच मांडला जातो. गल्ल्याचे आकडे सोमवारी सकाळी भ्रमणध्वनीवर येऊन थडकतात. प्रेक्षकही आता ‘किती कोटी झाले?’ असे वितरकाच्या तोंडचे बोलू लागला आहे. छोट्या चित्रपटाचे खेळ तोवर घटलेले असतात. मंगळवारी कोणीतरी कामावरच्या सोबत्याला सांगतो, ‘संथ आहे, पण बघ.’ तो गुरुवारी जाऊ म्हणतो, तेव्हा उरलेला एकुलता एक खेळ सकाळी दहाचा असतो, आणि दहाला तो यंत्रापाशी उभा असतो.