नाताळ नावाचे बंदर

मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर, हालिस्को राज्यात, बारा दे नाविदाद नावाचे एक लहानसे बंदर आहे. ह्या ‘बारा’चा आपल्या आकड्याशी काही संबंध नाही, खाडीच्या मुखाशी साचलेल्या वाळूच्या पट्टीला स्पॅनिश भाषेत तसे म्हणतात, आणि नाविदाद म्हणजे नाताळ. १५४० च्या नाताळच्या दिवशी व्हाईसरॉय मेन्दोझा येथे उतरला, म्हणून हे नाव. हिवाळ्यात अमेरिका व कॅनडातून शिडाच्या नौका घेऊन येणारे हौशी प्रवासी येथील खाडीत नांगर टाकून आठवडेच्या आठवडे राहतात. त्यांच्या प्रवासवर्णनांतून गावाविषयी आम्हांस काय कळते? नौका कोठे गाळात रुतते, नांगर कोठे धरतो, आणि सकाळी होडीतून ताजा पाव घेऊन फिरणाऱ्या फ्रेंच बेकरीची कीर्ती. गावाला ‘ऐतिहासिक’ हे विशेषण एकदा चिकटवले की इतिहासाचे देणे फिटले! आमचे भांडण ह्या विशेषणाशी आहे.

शिडाच्या नौकेने फिरण्यास आमचा आक्षेप नाही. उलट, वाऱ्याची वाट पाहणारा मनुष्य विमानातून उतरणाऱ्यापेक्षा अधिक नम्र असावा, अशी आमची समजूत होती. म्हणूनच त्याची बेपर्वाई अधिक बोचते. पॅसिफिकमध्ये ज्या वाऱ्यांवर तो आज विसंबतो, त्यांचे रहस्य उलगडले ते ह्याच बंदरातून निघालेल्या ताफ्याला. २१ नोव्हेंबर १५६४ रोजी लेगास्पीची जहाजे येथून फिलिपिन्सकडे निघाली. जाणे फारसे कठीण नव्हते. पूर्वेचे वारे पाठीशी होते. परतणे मात्र तोवर कोणासही साधले नव्हते. आंद्रेस दे उर्दानेता ह्या ऑगस्टिनियन व्रतस्थाच्या मार्गदर्शनाखाली ‘सान पेद्रो’ उत्तरेकडे पुष्कळ वर चढले, तेथे त्याला पश्चिमेचे वारे लाभले आणि ८ ऑक्टोबर १५६५ रोजी ते अकापुल्कोस पोहोचले.

येथे आपल्याच मंडळींनाही एक बोल लावणे भाग आहे. उर्दानेताचे नाव आपण अभिमानाने घेतो; पण ताफ्यापासून वेगळे पडलेले ‘सान लुकास’ हे छोटे जहाज त्याच्या दोन महिने आधीच, ऑगस्टमध्ये, ह्याच नाविदाद बंदरात परतले होते. त्याचा सुकाणूदर्शक लोपे मार्तिन हा आफ्रिकी रक्ताचा पोर्तुगीज होता. कीर्ती व्रतस्थाच्या वाट्याला आली, मार्तिनच्या वाट्याला विस्मृती.

ह्या वाटेने पुढे अडीचशे वर्षे, १८१५ पर्यंत, मनिला आणि अकापुल्को ह्यांच्यामध्ये गलबते ये-जा करीत राहिली. चांदी गेली, रेशीम आले, गुलामही आले. त्यांत हिंदुस्थानातून पळवून आणलेली एक मुलगी होती. कातारिना दे सान हुआन ह्या नावाने ती १६८८ मध्ये पुएब्ला शहरी मरण पावली. आणि वसईकरांनो, आपले संत गोन्सालो गार्सिया मनिलात ज्या फ्रान्सिस्कनांत सामील झाले, ते मेक्सिकोमार्गेच तेथे आले होते. १५९७ साली नागासाकीच्या टेकडीवर त्यांच्यासमवेत क्रुसावर मरण पावलेला फेलिपे दे हेसूस हा मेक्सिकोचा पहिला संत. अकापुल्कोकडे निघालेले त्याचे जहाज वादळाने भरकटून जपानच्या किनाऱ्याला लागले होते. दोघांनाही १८६२ मध्ये एकाच दिवशी संतपद मिळाले. तेव्हा हे बंदर ‘दूरच्या कोणाचे तरी’ म्हणून आपल्यालाही झटकून टाकता येणार नाही.

गावच्या चर्चमध्ये एक क्रूसमूर्ती आहे. १ सप्टेंबर १९७१ च्या चक्रीवादळात लोक तेथे आसऱ्याला जमले असता ख्रिस्ताचे दोन्ही हात निखळून खाली आले, आणि वादळ शमले, अशी गावाची श्रद्धा. नौकावाले तिची गणना ‘गमतीदार’ वस्तूंत करतात व छायाचित्र काढून पाव आणायला निघतात. चमत्कार घडला की जुना सांधा सुटला, ह्याचा निवाडा करण्यास आम्ही बसलेलो नाही. परंतु त्या रात्री आपली लेकरे कवटाळून उभ्या राहिलेल्या आयांपुढे ‘गंमत’ हा शब्द उच्चारण्याचे धाडस ह्यांपैकी किती जण करतील?

हात पुन्हा वर बसवणे काही कठीण नव्हते. गावाने ते बसवले नाहीत. दोन्ही हात खाली सोडलेला ख्रिस्त त्या क्रुसावर अजून तसाच आहे.