जुनी फटफटी आणि नवे सुटे भाग

जुन्या मोटारी आणि फटफट्या हा आता केवळ हौशी मंडळींच्या गप्पांचा विषय उरलेला नाही. गेल्या काही वर्षांत तो कायद्याचा आणि राष्ट्रीय धोरणाचा विषय झाला आहे. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने 50 वर्षांहून जुन्या खाजगी वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. अशा वाहनास ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला खास क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीस 20,000 रुपये पडतात आणि ती 10 वर्षे चालते. अट अशी, की वाहन मूळ स्वरूपात असावे. त्याच्या चासीत, सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. जानेवारी 2023 मध्ये आपल्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या प्रांगणात जुन्या वाहनांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा बडोदेकरांनी या मूळ स्वरूपाचे दर्शन डोळे भरून घेतले. पण मूळ स्वरूप म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्या झगमगाटात मागेच राहिला. आज त्याचाच विचार करावयाचा आहे.

राजवाड्यातल्या मोटारींचे ठीक आहे. त्यांना वर्षातून चार पावले चालावयाचे असते. माझ्या डोळ्यांपुढे आहे ती मध्यमवर्गाची फटफटी. मद्रासची बुलेट 1955 नंतर या देशात तयार होऊ लागली, तर म्हैसूरच्या कारखान्यातून जावा 1961 च्या सुमारास बाहेर पडू लागली. वडिलांनी हप्त्याहप्त्याने घेतलेली, मुलांनी पेट्रोलच्या टाकीवर बसून शाळा गाठलेली अशी ही वाहने कित्येक घरांच्या ओसरीत अजून उभी आहेत. पुढे येझ्दी या नावाने चाललेला म्हैसूरचा तो कारखाना 1996 मध्ये बंद पडला. 2018 मध्ये जावा हे नाव पुन्हा बाजारात आले खरे. परंतु ती गाडी सर्वस्वी नवी. तिचे भाग जुनीला लागत नाहीत. म्हणजे जुनी जावा चालती ठेवावयाची तर मिस्त्रीने भाग घडवावा, भंगारबाजारात हिंडावे, नाहीतर नव्या गाडीचा भाग बेताने बसवावा. चौथा मार्ग नाही.

नवे भाग बसवण्यामागे केवळ मिरवण्याची हौस असते, असा एक समज आहे. तो अर्धवट आहे. जुन्या जावाची वीज 6 व्होल्टची. तिच्या दिव्याच्या उजेडात आजच्या हमरस्त्यावर रात्री जाणे म्हणजे समई घेऊन रानात शिरण्यासारखे आहे. 12 व्होल्टची वीज केली की तेवढ्याच शक्तीसाठी तारांतून निम्मा प्रवाह जातो, गळती घटते आणि दिवा नीट पेटतो. ठिणगी पाडणारे पॉइंट झिजतात आणि दर काही महिन्यांनी फट मोजून लावावे लागतात. त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आले की किक मारून पाय दुखायचे थांबतात. ब्रेकचे तर विचारूच नका. ज्या काळात रस्त्यावर मुख्यतः सायकली आणि टांगे होते, त्या काळाचे ते ब्रेक.

यात आता पेट्रोलची भर पडली आहे. ऊसउत्पादकाला भाव मिळावा आणि परदेशी तेलावरचा खर्च घटावा, म्हणून पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे धोरण सरकारने आखले. 20 टक्क्यांचे उद्दिष्ट प्रथम 2030 साठी होते. ते अलीकडे ओढून 2025 मध्ये गाठले गेले. धोरणाचा हेतू चांगला आहे. पण इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते, जुन्या जातीचे रबर फुगवते वा ठिसूळ करते, आणि तेवढ्याच मापात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा देते. त्यामुळे पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या गाडीची नळी, वॉशर आणि ऑइल सील बदलावेच लागतात. कार्ब्युरेटरचा जेटही थोडा मोठा करावा लागतो. आता मौज पाहा! एक खाते सांगते, गाडी मूळ स्वरूपात ठेवा. दुसऱ्या खात्याचे इंधन सांगते, मूळ रबर ठेवाल तर गाडी गळेल.

कायद्याची तिसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमान्वये उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 च्या निकालात हीच गोष्ट निक्षून सांगितली. मला हा निकाल योग्य वाटतो. सायलेन्सर कापून अख्खी आळी जागी करणारे, चासी कापून मागचे चाक हातभर लांब नेणारे वीर आपण रोज पाहतो. चासीचा सांधा सुटला तर मरतो तो केवळ हौशी स्वार नव्हे, रस्त्याने जाणारा निरपराधही मरतो.

परंतु फेरफार म्हटला की तो उनाडपणाच, असेही नाही. सौराष्ट्रातला छकडो आठवा. पुढे बुलेटचे तोंड, मागे माणसांनी आणि मालाने भरलेला गाडा! अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगाणी यांनी बुलेटच्या मागे शेतीची अवजारे जोडून ‘बुलेट सांती’ केली, ती बैलजोडी परवडत नसलेल्या शेतकऱ्यासाठी. तिला पेटंटही मिळाले. गरजेतून आलेली ही कारागिरी आहे. ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढून हातांना शास्त्र शिकवले, त्या शहराने तरी तिला नाक मुरडू नये.

मग रेघ कुठे ओढावी? माझ्या एका स्नेह्यांच्या घरी वडिलांची 1965 ची बुलेट आहे. गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या पायाशी. तिचे काम काढले तेव्हा मीही मिस्त्रीकडे जाऊन बसत असे. त्यांनी खास क्रमांक घेतला नाही. कारण तो घेतला की गाडी प्रदर्शनाला, शर्यतीच्या फेरीला वा दुरुस्तीला नेता येते, रोज मंडईला नाही. आणि त्यांना तर मंडईलाच जायचे होते. चासी, क्रँककेस, त्यांवरचे क्रमांक, टाकीचा आकार आणि उजवीकडचा गिअर यांना हात लावला नाही. वायरिंग, दिवा, रबर, ब्रेकचे अस्तर आणि टायर नवे घेतले. काढलेला प्रत्येक भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून पेटीत ठेवला. धाकट्या मुलाला पुढचा डिस्क ब्रेक हवा होता. त्यासाठी पुढचा काटा बदलावा लागला असता, म्हणून मिस्त्री नको म्हणाले. त्यांचे म्हणणे मला पटले.

तंबोऱ्याच्या तारा बदलतात, जवारी पुन्हा काढतात; भोपळा आणि दांडी मात्र तीच राहते. म्हणून तर आजोबांचा तंबोरा नातवाच्या हाती सुरात लागतो. फटफटीलाही हाच न्याय लावावा. जे झिजते आणि ज्यावर जीव अवलंबून आहे ते नवे असावे. ज्यावरून गाडीची ओळख पटते ते जुने राहावे. आणि केलेला बदल पुन्हा मागे घेता येईल असा असावा.

परिवहन खात्याने एवढे करावे: कोणते बदल बिनदिक्कत चालतील, कोणते परवानगीने आणि कोणते मुळीच नाहीत, याची साध्या भाषेतली यादी प्रत्येक कार्यालयात लावावी. इंधन बदलल्यामुळे जे भाग बदलावे लागतात, ते मूळ स्वरूपाला बाधक नाहीत असे स्पष्ट लिहावे. आज मालकाला दंडाची भीती वाटते आणि मिस्त्रीला कटकटीची. त्या भीतीपोटी चांगली गाडी भंगारात जाते आणि तिच्याबरोबर पॉइंटची फट नखावर जोखणारा, टॅपेटचा आवाज कानाने ओळखणारा हातही बेकार होतो. गाडी एक वेळ पुन्हा मिळेल, तो हात मिळणार नाही.