'आमच्यात भेद नाही' : जालन्यातून पाहिलेला एका वाक्याचा इतिहास

१/ "आमच्या धर्मात उच्चनीच नाही, जे काही आहे ते त्यांच्यात." मराठवाड्यात हे वाक्य हिंदू बोलतो, मुसलमान बोलतो, ख्रिस्तीही बोलतो, आणि प्रत्येकाला ते मनापासून खरे वाटते. जालना जिल्ह्याचा इतिहास मात्र तिघांपैकी एकाच्याही बाजूने साक्ष देत नाही. हा दीर्घ धागा त्या साक्षीचा आहे.

२/ कथा जालन्याची असली तरी तिचा आरंभ मुंबईत होतो. १८४३ साली नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने स्कॉटिश मिशनऱ्यांकडून बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनमध्ये राहत होता. वय कोवळे, बाप्तिस्मा झालेला नव्हता. वडील न्यायालयात गेले आणि न्यायालयाने मुलाला त्यांच्या स्वाधीन केले.

३/ येथे प्रकरण संपावयास हवे होते. पण मुलगा मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता. धर्म त्याने सोडला नव्हता, तरीही जात गेली होती! बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घेण्याचा पुरस्कार केला, तेव्हा सनातनी मंडळी श्रीपतवर जितकी तुटून पडली तितकीच बाळशास्त्र्यांवरही. एका अल्पवयीन मुलाच्या पोटात गेलेल्या अन्नावर मुंबईतील विद्वानांनी अशी झुंज खेळावी, यातच त्या समाजाची सहिष्णुता मोजून होते.

४/ 'जातिभेद इंग्रजांनी वाढवला, पूर्वी असे नव्हते' हा युक्तिवाद हल्ली फार लोकप्रिय आहे. जालन्याच्या शेजारीच, देऊळगाव राजा तालुक्यात, मेहुणा राजा हे गाव आहे. परंपरा ते संत चोखामेळ्याचे जन्मस्थान मानते. चोखोबांचा काळ चौदाव्या शतकाचा. विठ्ठलाचा हा भक्त आयुष्यभर देवळाबाहेर राहिला. त्याची समाधीही पंढरपूरच्या महाद्वारासमोरच आहे, आत नाही. ज्या दारापाशी तो थांबला, ते अस्पृश्यांना उघडे व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. मधल्या सहा शतकांपैकी इंग्रजांच्या वाट्याला फार थोडी वर्षे येतात.

५/ आता थोरल्या भावाकडे. नारायण शेषाद्री पुढे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे दीक्षित धर्मोपदेशक झाले आणि १८६० नंतरच्या दशकात त्यांनी जालन्याला आपले कार्यक्षेत्र केले. त्यांच्याकडे आलेले लोक मुख्यतः मांग आणि महार (हे शब्द तत्कालीन कागदपत्रांतले आहेत). निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ 'बेथेल' नावाची ख्रिस्ती वसाहत वसवली.

६/ या माणसाचे मोठेपण मान्य केलेच पाहिजे. ज्या कुळात धाकट्या भावाचे जेवण हा धर्मसंकटाचा विषय झाला, त्या कुळातला मनुष्य मांगांच्या वस्तीत आयुष्य काढतो, ही लहान गोष्ट नव्हे. प्रश्न त्यांच्या निष्ठेचा नाही. प्रश्न त्या चर्चच्या दाव्याचा आहे.

७/ कारण ज्या फ्री चर्चने जालन्यात मांग-महारांना 'ख्रिस्तात सर्व समान' असा संदेश दिला, त्याच चर्चचा हिशेब अटलांटिकपलीकडे निराळा होता. १८४३ साली जुन्या चर्चपासून फुटून निघालेल्या या संस्थेला निधी हवा होता. १८४४ मध्ये तिचे प्रतिनिधी अमेरिकेत गेले आणि दक्षिणेतील, गुलाम बाळगणाऱ्या सभासदांच्या चर्चेसकडूनही देणग्या घेऊन आले. ही रक्कम सुमारे तीन हजार पौंड होती.

८/ गुलामगिरीतून निसटलेला कृष्णवर्णीय वक्ता फ्रेडरिक डग्लस १८४६ साली स्कॉटलंडमध्ये गावोगाव सभा घेत हिंडला. 'पैसे परत पाठवा' ही त्या मोहिमेची घोषणा होती. पैसे परत गेले नाहीत. चर्चच्या धुरीणांचे समर्थन मोठे चतुर होते: व्यवस्था वाईट आहे हे मान्य, पण म्हणून प्रत्येक गुलाममालकाला प्रभुभोजनाच्या मेजावरून उठवता येणार नाही. ज्याला विकले जात होते, तोही त्याच धर्माचा होता. त्याच्या मेजाचा विचार कोणी केला?

९/ मराठी वाचकाला हे समर्थन ओळखीचे वाटावे. 'जातिभेद वाईटच हो, पण आमचे आजोबा फार सज्जन होते.' व्यवस्थेला दोष द्यायचा आणि ती चालवणाऱ्या प्रत्येकाला सोडून द्यायचे. असे केल्यावर दोषी म्हणून कोणी उरतच नाही.

१०/ गंमत अशी की १८७३ साली न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत नारायण शेषाद्री बोलले, आणि त्याच वर्षी जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली. जोतीरावांनी ती अर्पण केली अमेरिकेतील त्या सदाचारी लोकांना, ज्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी कष्ट घेतले. धर्माकडे न पाहता त्यांनी कृतीकडे पाहिले. वर्ण आणि वंश यांची सांगड एका मराठी लेखकाने इतक्या लवकर घातली होती, हे आजच्या वादविवादांत कोणाच्या गावीही नसते.

११/ मराठी चर्चमध्ये पुढे काय झाले? बाप्तिस्म्याने नावे बदलली, वाडे बदलले नाहीत. महारवाड्यातला ख्रिस्ती आणि मांगवाड्यातला ख्रिस्ती एका बाकावर बसू लागले, पण सोयरीक आपापल्याच लोकांत होत राहिली. जातीच्या उतरंडीत आपल्या खाली कोणी तरी असावे, ही गरज नवा धर्म पुसू शकला नाही. वर गोऱ्या मिशनऱ्याची हुकमत होतीच. ना. वा. टिळकांसारख्या कवीने १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभारला, त्यामागे ही घुसमटही होती.

१२/ 'हे सारे हिंदू समाजाचे अवशेष. मूळ धर्म निर्मळ' असा बचाव येथे ठरलेला आहे. पण जो अवशेष सहा-सात पिढ्या टिकतो, लग्नाच्या बैठकीत ज्याचा शब्द अखेरचा ठरतो, तो अवशेष कसला? तो घरचाच झाला.

१३/ हाच बचाव मुसलमानांतही ऐकू येतो, आणि त्याला दिलेले सर्वांत ठाम उत्तर जालन्याचेच आहे. शब्बीर अन्सारी यांनी जालन्यातून मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली. पिंजारी, बागवान, तांबोळी, मणियार, कुरेशी, छप्परबंद, फकीर या नावांच्या मागे जन्माने ठरलेले धंदे आहेत आणि त्याबरोबर आलेला कमीपणाही आहे, असे त्यांनी भर सभेत सांगितले. अभिनेते दिलीपकुमार त्यांच्या व्यासपीठावर आले.

१४/ विरोध झाला तो आधी घरातून. इस्लाममध्ये जात नाही, मग ही फूट कशाला, असे विचारले गेले. प्रश्न विचारणारे बहुधा त्या कुळांतले होते ज्यांना या नावांचा चटका कधी बसला नव्हता. सय्यद, शेख, मुघल, पठाण ही 'अशराफ' कुळे आपले मूळ अरबस्तान, इराण, तुराणात दाखवतात. म्हणजे येथील श्रेष्ठत्व केवळ धंद्याचे नव्हे, सरळ रक्ताचे आहे. चौदाव्या शतकातील दिल्लीचा इतिहासकार झियाउद्दीन बरनी तर 'फतावा-इ-जहांदारी'त सांगतो की हलक्या कुळातल्यांना नमाज-रोज्यापुरते शिकवावे, त्यापुढे नाही. हे वाचल्यावर शिक्षणबंदीची मक्तेदारी कोणा एकाच धर्मग्रंथाकडे होती, असे म्हणण्याचे धाडस होऊ नये.

१५/ १९९४ च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्र शासनाने मुस्लिम ओबीसींना सवलती लागू होतील असा निर्णय काढला. 'जात नाही' म्हणणाऱ्या घरांतली मुलेही नंतर जातीचे दाखले काढावयास रांगेत उभी राहिली, आणि ते योग्यच झाले. ज्या गोष्टीचा त्रास होतो तिला नाव असावे.

१६/ ही सगळी चर्चा जुन्या पोथ्यांपुरती राहिली असती तर सोडून देता आली असती. तशी ती नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी ठरवली आणि तिसऱ्या परिच्छेदात अट घातली की हिंदू धर्माखेरीज अन्य धर्माचा मनुष्य अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. १९५६ मध्ये शीख, १९९० मध्ये बौद्ध या अटीतून सुटले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच आहेत.

१७/ म्हणजे प्रत्येक धर्माचे पुढारी अभिमानाने जे वाक्य उच्चारतात, तेच शासनाने खरे धरले. तुमच्यात जात नाही ना, मग संरक्षणही नाही! २००७ मध्ये न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने हा परिच्छेद वगळावा असे सुचवले. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. त्याला दिलेली मुदत नंतर वाढवण्यात आली.

१८/ परिणाम अगदी साधा आहे. एका मातंग घरातले दोन भाऊ, एक हिंदू, एक ख्रिस्ती. गावात दोघांना एकाच शिवीने हाक मारली जाते. पहिला १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली फिर्याद देऊ शकतो. दुसऱ्याला महाराष्ट्रात इतर मागासवर्गाचा दाखला मिळतो; त्या कायद्याचे संरक्षण मिळत नाही.