एकाच दिवसाचे दोन हुकूम

जानेवारी 2025 मधली गोष्ट. मधल्या सुट्टीत आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये चहा चालला होता. डोनाल्ड ट्रम्प यांनी 20 जानेवारीला दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली आणि यापुढे अमेरिकन सरकार स्त्री आणि पुरुष ही दोनच लिंगे मानील असे त्याच भाषणात जाहीर केले, ही बातमी मोबाइलवर फिरत होती. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "माणूस कसाही असो, हे एक काम त्याने चांगले केले." चार-पाच माना डोलल्या. आम्ही गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याची लाज वाटते, म्हणून हे लिहीत आहोत.

कारण त्याच दिवशी, त्याच हाताने, आणखी एका हुकमावर सही झाली होती. जगभरच्या निर्वासितांना अमेरिकेत वसवण्याची योजना 27 जानेवारीपासून स्थगित. 2024 या सरकारी वर्षात सुमारे एक लाख निर्वासित या योजनेतून अमेरिकेत पोहोचले होते. पुढे 2026 या वर्षासाठी फक्त 7,500 जागा ठेवल्या गेल्या आणि त्याही मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्यांसाठी. बंद झालेल्या दाराबाहेर कोण उभे होते? अफगाण, सोमाली, सीरियन, रोहिंग्या. म्हणजे बहुतेक आपलेच कलमा पढणारे. जाण्याची मंजुरी मिळालेल्या सुमारे 1,660 अफगाणांची विमानाची तिकिटे रद्द झाली. स्टाफरूममधल्या माना पहिल्या हुकमावर डोलल्या. दुसरा कोणी वाचलाच नव्हता.

हे दोन हुकूम योगायोगाने एका दिवशी निघाले नाहीत. ते एकाच निवडणुकीचे पीक आहे. 2024 च्या प्रचारात महागाई होती, सरहद्द होती आणि या दोहोंबरोबर तृतीयपंथी होते. कमला हॅरिस यांना तुमची नाही, 'त्या लोकांची' काळजी आहे, असे सांगणाऱ्या जाहिराती टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवल्या गेल्या. हे 'ते लोक' म्हणजे शंभरात जेमतेम एक. इतक्या थोड्या माणसांमुळे कोट्यवधींचे घर, धर्म आणि मुले धोक्यात आहेत, असे मतदाराला पटवले गेले.

वाचकहो, ही चाल आपण कुठे पाहिली नाही काय? मोजके लोक निवडायचे, त्यांच्या पोशाखावर, लग्नावर, ताटातल्या अन्नावर बोट ठेवायचे आणि बाकीच्यांना सांगायचे, 'यांच्यापासून सावध राहा.' कधी हिजाब, कधी तलाक, कधी बीफ. प्रत्येक निवडणुकीच्या आधी आपण वर्तमानपत्र उघडतो ते याच धास्तीने. ज्याच्या घरावर दगड पडतात त्याला दगडाचा आवाज ओळखता यायला हवा. मग तो दगड शेजाऱ्याच्या घरावर पडला की आपण नेम चांगला होता म्हणून दाद कशी देतो?

अमेरिकेतल्याच एका गावाचे उदाहरण घेऊ. मिशिगन राज्यात डेट्रॉइटला खेटून हॅमट्रॅमक नावाचे छोटे शहर आहे. 2022 पासून तिथली नगरपरिषद संपूर्ण मुस्लिम सदस्यांची होती. अमेरिकेत असे प्रथमच घडले. आधी याच शहरात येमेनी आणि बांगलादेशी कुटुंबांना नवखे म्हणून वागवले जात होते. जून 2023 मध्ये याच परिषदेने ठराव केला, की समलिंगी आणि तृतीयपंथीयांचा झेंडा शहराच्या मालकीच्या जागेवर लागणार नाही. सप्टेंबर 2024 मध्ये महापौर आमेर गालिब यांनी ट्रम्प यांना पाठिंबा जाहीर केला. गाझातल्या कत्तलीबद्दल बायडन सरकारवर तिथल्या मुसलमानांचा राग होता, तो रास्तच होता. तो आम्हालाही आहे. पण त्या रागाच्या जोडीला 'निदान हा माणूस आमची मुले बिघडू देणार नाही' ही भाषाही होती.

निकाल लागला. मार्च 2025 मध्ये महापौरांचे नाव कुवेतमधल्या राजदूतपदासाठी पुढे आले. जून 2025 मध्ये बारा देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी झाली. त्यात अफगाणिस्तान, इराण, लिबिया, सोमालिया, सुदान होते आणि येमेनही होता. ज्या येमेनी मतदाराने 'त्या लोकांना' आवर घालायला मत दिले, त्याच्या भावा-बहिणींना, भाच्या-पुतण्यांना त्याच सरकारने दाराबाहेर उभे केले. दुसऱ्याचा हक्क विकून आपला हक्क विकत मिळत नाही. सौद्यात दोन्ही जातात.

आता आमच्या एका विद्यार्थ्याबद्दल. आमच्याच शाळेत सातवीपर्यंत शिकलेले मूल. खत सुंदर, शेर तोंडपाठ. चालण्यावरून, आवाजावरून वर्गात त्याची जी थट्टा व्हायची ती आम्ही शिक्षकांनी थांबवली नाही, क्वचित हसलोही. आठवीला ते आलेच नाही. काही वर्षांनी रेल्वे फलाटावर साडीत भेटले, मुंबईत गुरूकडे राहत असल्याचे म्हणाले आणि अदबीने सलाम करून विचारले, "सर, अमरीका-कॅनडा में हमारे जैसों को पनाह मिलती बोलते, सच है क्या?"

तेव्हा आम्हाला उत्तर माहीत नव्हते. नंतर शोधले. 1951 च्या निर्वासित करारात आश्रयाची पाच कारणे आहेत : वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत आणि विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व. या शेवटच्या कारणाखाली समलिंगी व्यक्तीला आश्रय देणारा एक निर्णय अमेरिकेने 1994 मध्ये सर्वत्र आधारभूत ठरवला. 2000 साली तिथल्या एका अपील न्यायालयाने मेक्सिकोतल्या एका स्त्रीवेशात राहणाऱ्या तरुण व्यक्तीच्या बाजूने निकाल दिला. अशा निकालांनी आशेची एक फट उघडली. लाहोर, काबूल, मुंबई, कुठल्याही डेऱ्यात कोणीतरी त्या फटीकडे डोळे लावून बसलेले असते.

आणि ही फट दर चार वर्षांनी हलते. एप्रिल 2022 पासून अमेरिकन पासपोर्टवर स्त्री-पुरुषाखेरीज तिसरी खूण घेता येत होती. 2025 मध्ये ती बंद झाली. प्रकरण कोर्टात गेले, पण निकाल लागेपर्यंत हे धोरण चालू ठेवायला 6 नोव्हेंबर 2025 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मुभा दिली. कॅनडा जवळ आहे खरा, पण दोन्ही देशांत करार आहे, की आश्रय मागणाऱ्याने आधी ज्या देशात पाय ठेवला तिथेच मागावा. 2023 मध्ये तो करार संपूर्ण सरहद्दीला लागू झाला. म्हणजे कोणी कसाबसा अमेरिकेत पोहोचला आणि तिथली हवा बदलली, तर काही मोजके अपवाद सोडता पुढचा रस्ताही बंद. जुलै 2025 मध्ये तर कॅनडाच्या एका न्यायाधीशांनी, स्वतःला स्त्री किंवा पुरुष न मानणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाचीच रवानगी थांबवली. अमेरिकेतली बदललेली परिस्थिती अधिकाऱ्यांनी पाहिलीच नाही असे त्यांनी म्हटले. ज्या देशाकडे लोक पनाह मागायला जात, तिथलेच लोक आता पनाह शोधू लागले.

यावर आमचे काही बांधव म्हणतील, हे सारे पाश्चात्यांचे थेर आहे, आपला काय संबंध? संबंध आहे. मोगल दरबारात ख्वाजासरा होते. हिजड्यांची पोलिसांत नोंद ठेवणारा 1871 चा कायदा इंग्रजांचा होता. आपल्या फिकहच्या किताबांत खुन्साच्या वारशाची स्वतंत्र चर्चा आहे. खुन्सा म्हणजे जन्मतः शरीराने संदिग्ध. इतरांबाबत उलेमांत मतभेद आहेत, हे आम्ही लपवत नाही. पण मतभेद कशावर आहे? नमाजाच्या सफेवर, वारशाच्या वाट्यावर, लिंगबदलावरही. त्यांना मारावे, घराबाहेर काढावे, भीक मागायला लावावे, याचे समर्थन कोणत्याही मतभेदाने होऊ नये. पाकिस्तानच्या संसदेने 2018 च्या निवडणुकीला अडीच महिने उरले असताना ख्वाजासरांच्या हक्कांचा कायदा केला. 2022 मध्ये जमाते इस्लामीच्या एका सिनेटरने त्याविरुद्ध रान उठवले आणि मे 2023 मध्ये फेडरल शरियत कोर्टाने त्यातली मुख्य कलमे रद्द ठरवली. तिथेही राजकारणाला हेच सोपे सावज सापडले.

आपल्या देशाने 1951 च्या करारावर सही केलेली नाही. तृतीयपंथीयांना तिसरे लिंग म्हणून कायदेशीर ओळख दिली ती सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये. 2011 च्या जनगणनेत त्यांची संख्या 4 लाख 88 हजार होती. 2024 च्या लोकसभा निवडणुकीआधी मतदार यादीत 'इतर' म्हणून 48,044 नावे होती. इतक्या मतांसाठी कोणता पक्ष रात्र जागवील? म्हणूनच ज्याचा हक्क मतांच्या बेरजेवर टिकू शकत नाही, त्याचा हक्क बेरजेबाहेर ठेवला पाहिजे. हे आपल्याइतके कोणाला कळायला हवे?

आम्ही वर्गात मुलांना हबशाच्या हिजरतीचा धडा शिकवतो. मक्केतल्या जुलमाला कंटाळून मूठभर मुसलमान समुद्र ओलांडून गेले. कुरैशांनी नजराणे देऊन माणसे पाठवली, की हे आमचे फितूर आहेत, परत द्या. ख्रिस्ती नज्जाशीने त्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि नजराणे परत केले. त्याने आधी आपला धर्म स्वीकारा असे म्हटले नाही. हा धडा परीक्षेत पाच गुणांना येतो. आयुष्यात किती गुणांना येतो?

आमचे म्हणणे एवढेच. कोणाला मत द्यावे हे आम्ही सांगत नाही. पण कोणाला तरी धडा शिकवायला म्हणून मत देऊ नये. मशिदीच्या दारात टाळी वाजली, तर नजर फिरवू नये. आणि वर्गात कोणा मुलाच्या चालण्यावर हशा पिकला, तर शिक्षकाने तो तिथेच थांबवावा. हे आम्ही आधी स्वतःला सांगत आहोत.

ते मूल पुन्हा फलाटावर भेटले, तर त्याला काय सांगायचे? 'अमेरिकेचे दार आता बंद आहे' हे सांगता येईल. त्याला सातासमुद्रापार पनाह मागावीशी वाटली, कारण पहिले दार आमच्या वर्गाचे बंद झाले होते, हेही सांगावे लागेल. ते दार उघडायला कोणत्याही निवडणुकीची वाट पाहावी लागत नाही.